पोरांचं मनपरिवर्तन आईबापाच्या हातात किती? थोडं घरगुती मार्गदर्शन

मागच्या मे महिन्यात व्हीबीएसच्या, म्हणजे चर्चच्या उन्हाळी बायबल शाळेच्या, शेवटच्या दिवशी एक आई माझ्याजवळ आली, डोळे भरलेले, म्हणे ताई आज विचारलं ना कोणाला येशूला मनात घ्यायचंय, तर माझ्या पोरीनं हात वर केला, झालं ना आता तिचं तारण? पोरगी आठ वर्षांची, आईच्या मागं उभी राहून पन्ह्याचा ग्लास संपवून राहिली होती, हॉलमध्ये दोन कूलर लावूनही सगळी पोट्टी घामेघूम. मी हो पण म्हटलं नाही अन् नाही पण म्हटलं नाही. म्हटलं रात्री ती निवांत असली की विचारा, तुला येशूला काय सांगावंसं वाटलं गं, अन् ती जे सांगेल ते नुसतं ऐका, मधे बोलू नका. त्या बाईला ते उत्तर काही फारसं आवडलं नाही, तिला माझ्याकडून पक्कं काहीतरी पाहिजे होतं अन् ते द्यायचा अधिकार मला नाही.

संडे स्कूल शिकवून मला १७ वर्षं झाली, स्वतःची दोन लेकरं वाढवली, त्यातल्या एकाच्या बाबतीत मी चांगलीच चुकले, ते पुढं सांगते. त्या आईला जे दोन मिनिटांत सांगता आलं नाही ते इथं नीट लिहून काढलंय.

आधी शब्दाचं बघू. नागपुरात धर्मांतर म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं दीक्षाभूमी येते, १४ ऑक्टोबर १९५६ येतो, अन् ते बरोबरच आहे. पण मी बोलून राहिले ते धर्मांतराबद्दल नाही. ख्रिस्ती घरातलं पोरगं दाखल्यावर ख्रिश्चनच असतं, तो रकाना आपण भरला, त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी बोलते ते मन फिरण्याबद्दल, पश्चात्ताप आणि विश्वास, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू ज्याला नव्यानं जन्मणं म्हणतो. अन् हे तो कोणाला सांगतो, तर निकदेमाला, म्हणजे बाहेरच्या कोणा माणसाला नाही, चांगला धार्मिक, लोकांना शास्त्र शिकवणारा माणूस, त्याला सांगतो की तुला नव्यानं जन्मावं लागेल. आपल्या घरातल्या पोरांना आपण निकदेमासारखं बघायला शिकलो तर अर्धं काम झालं.

कारण आपली सगळ्यात मोठी सवय म्हणजे गृहीत धरणं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले १८४५ ला, तेव्हापासून इथं मिशनचं काम सुरू आहे, सदर, मोहन नगर, मेकोसाबाग, मार्टिन नगर कुठंही जा, आमची ही चौथी पिढी, आमची पाचवी असं अभिमानानं सांगणारी घरं भेटतील, अन् अभिमान वाटावा असंच आहे ते. पण योहानाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की देवाची लेकरं रक्तापासून किंवा मनुष्याच्या इच्छेपासून जन्मत नाहीत. म्हणजे पणजोबाचा विश्वास पणजोबाचा, आजीचा आजीचा. प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस अन् आई युनीके दोघींचं नाव घेतो, पण तिथंही तो म्हणतो हा विश्वास आधी त्यांच्यात होता आणि माझी खात्री आहे की तुझ्यातही आहे, आजीचा आहे म्हणजे तुझा असणारच असं त्यानं धरलं नाही.

शमुवेलाची गोष्ट तर आपण पोरांना दरवर्षी शिकवतो पण तिच्यातलं एक वाक्य नेहमी सुटतं. हा मुलगा मंदिरात राहायचा, तिथंच झोपायचा, म्हाताऱ्या याजकाच्या, एलीच्या हाताखाली सेवा करायचा, अन् १ शमुवेल ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की त्याला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. क्वायरमध्ये गाणारं, नाताळच्या नाटकात मरिया होणारं, वचनं धडाधडा पाठ म्हणणारं लेकरू, त्याचंही तसंच असू शकतं. अन् त्याच गोष्टीत मला एली फार आवडतो, स्वतःच्या पोरांच्या बाबतीत तो चुकला ते चुकलाच, पण या मुलाला त्या रात्री त्यानं काय सांगितलं, जा झोप, परत हाक आली तर म्हण बोल, तुझा दास ऐकत आहे. हाक त्यानं स्वतः मारली नाही, ऐकायचं कसं ते शिकवलं अन् बाजूला झाला. आपलंही काम तेवढंच आहे आणि तेवढंच फार आहे.

मोठ्या माणसांचं बघितलं तरी हेच दिसतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, अन् पुढं स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, त्यासाठी अजून बरीच वर्षं जावी लागली. एवढ्या विद्वान बाईला वेळ लागला. कवी नारायण वामन टिळकांचंही तसंच, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना नवा करार मिळाला अन् १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं त्या घरानं किती सोसलं ते मराठी माणसाला माहीत आहे. आज आपण चर्चमध्ये टिळकांची भजनं म्हणतो तेव्हा माझ्या मनात हे येतं की इतकं गोड लिहिणाऱ्या माणसालाही स्वतःच्या बायकोचं मन स्वतः फिरवता आलं नाही, तिला तिच्या पायानं यावं लागलं. मग आपण आपल्या पंधरा वर्षांच्या पोराकडून एका शिबिरात काय मागून राहिलो?

आता दुसरी बाजू, कारण हे वाचून काही आईबाप उलट्या टोकाला जातात. मग ते पोराला सारखं तपासतात. तुझं नक्की झालंय का, तारीख सांग, कधी झालं, मग काल खोटं का बोललास, विश्वासणारी पोरं असं करतात का. हे करू नका, कळकळीनं सांगते. माझ्या मामाची काटोलकडं संत्र्याची बाग होती. जंबेरीच्या, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या झाडाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम केलं की त्याच्यावर पट्टी बांधतात अन् दोन-तीन आठवडे तिला हात लावत नाहीत. आम्ही लहान असताना धरला का बघू म्हणून पट्टी उचकून बघायचो अन् मामा संतापायचा, म्हणायचा उघडला की गेला. आणि त्यानं अजून एक दाखवलं होतं, डोळा मेला तरी खुंट हिरवाच राहतो, झाड चांगलं फोफावतं, फक्त ते जंबेरीचं असतं, लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही. दोन्ही गोष्टी मला संडे स्कूलमध्ये रोज आठवतात. शांत, शिकवलेलं ऐकणारं, मोठ्यांना जयख्रिस्त म्हणणारं पोरगं म्हणजे मन फिरलेलं पोरगं असं नाही, त्याचा स्वभावच तसा असेल. अन् खोडकर, बाकावर न बसणाऱ्या पोट्ट्याच्या आत काय चालू आहे ते आपल्याला माहीत नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो, अन् बी उगवतं, कसं ते त्याला कळत नाही.

मग बघायचं तरी कसं लेकराकडं? मी असं सांगते, ते देवानं तुमच्याकडं सोपवलेलं आहे, सुवार्तेच्या आवाजाच्या टप्प्यात वाढून राहिलंय, शेजारच्या लेकराला न मिळणारी ही मोठी गोष्ट त्याला मिळाली आहे. त्याला तुम्ही परकं समजायचं नाही. आमच्या स्वर्गातील बापा म्हणायला लावा, गाणी म्हणायला लावा, येशूनं बाळकांना मनाई करू नका म्हटलंय. पण त्याच वेळी तुमच्या मनात हे पक्कं पाहिजे की याला तारणारा लागतो जसा मला लागतो, माझ्या पदराखाली बसून ते होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता बोलत जा. आमच्या घरी मार्ग म्हणजे अ‍ॅक्टिव्हा, ट्यूशनला सोडायला जाताना मागं बसलेली धाकटी जेवढं बोलते तेवढं समोरासमोर बसवून कधीच बोलत नाही, कारण डोळ्यात बघावं लागत नाही. कौटुंबिक प्रार्थना ठेवाच, पण लहान ठेवा, दहा-बारा मिनिटं, एक उतारा, एक गाणं, प्रत्येकानं एक वाक्य प्रार्थना, बस. आमच्या सासऱ्यांच्या काळी पाऊण तास चालायची, पोरं झोपायची अन् मार खायची, तशी पोरांना प्रार्थनेची आठवण मारासोबतच राहते.

भाषेचा प्रश्न आपल्याकडं खरा आहे. पोरं इंग्लिश मीडियमची, मित्रांशी हिंदी, अन् मराठी बायबल वाचायला दिलं की अडखळतात, मग आजी रागावते. आजीला समजवा. लेकरू ज्या भाषेत भांडतं अन् रडतं त्याच भाषेत त्याला प्रार्थना करू द्या, मराठी त्याला गाण्यांतून येईल. माझी धाकटी हिंदीतच प्रार्थना करते, हे सुरुवातीला मला टोचायचं, आता नाही टोचत.

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे जी फुकट आहे अन् सगळ्यात जड जाते. पोरांसमोर स्वतः माफी मागा. तुम्ही चिडून बोललात, नवऱ्याशी भांडताना नको ते बोललात, दारावर आलेल्याला घरी नाही सांग म्हणून पोराला खोटं बोलायला लावलंत, तर त्याच दिवशी त्याच्यासमोर म्हणा की मी चुकले, मी देवाजवळ पण माफी मागितली आहे अन् आता तुझ्याजवळ मागते. पश्चात्ताप हा शब्द पोरं शंभर वेळा ऐकतात पण एखादा मोठा माणूस तो करताना त्यांनी बघितलेला नसतो. मी पहिल्यांदा थोरल्याची माफी मागितली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, तो घाबरलाच, म्हणे मम्मी तू ठीक आहेस ना.

हात वर करण्याचं आता सांगते, कारण उन्हाळ्यात हे प्रत्येक घरी येतं. सात-आठ वर्षांच्या पोरांना टीचर आवडते, टीचरला काय पाहिजे ते त्यांना कळतं, बाजूच्यानं हात वर केला की ते करतात. म्हणून हात खोटाच असं म्हणू नका, मोठेपणी साक्ष देणारी कितीतरी माणसं सांगतात की सुरुवात तिथंच झाली. पण चर्चमध्ये जाहीर करू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिनं लागोपाठ चार उन्हाळे हात वर केला. चौथ्या वर्षी मी बाजूला घेऊन विचारलं, बाळा तू दरवर्षी काऊन करते गं? म्हणाली, मागच्या वर्षीची प्रार्थना खराब झाली असेल ना टीचर, मी नंतर भावाला मारलं. इतकी वर्षं हे लेकरू हे ओझं घेऊन फिरलं अन् आम्हा मोठ्यांपैकी कोणीच तिला सांगितलं नव्हतं की विश्वास ठेवल्यावर पण आपण चुकतो अन् परत येशूजवळच जायचं असतं, तो हाकलत नाही. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. म्हणून हात वर केला की पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत पोराला हे सांगणं आईबापाचं काम आहे, आम्ही शिकवणारे दहा दिवसांत ते करू शकत नाही. अन् नरकाची भीती घालून प्रार्थना म्हणवून घेऊ नका, भीतीनं पोरगं काहीही म्हणतं.

खुणा बघायच्या असतील तर लेकराच्या मापाच्या बघा. कोणी न सांगता कबूल केलं का, मार खायची भीती नसताना वाईट वाटलं का, बहिणीशी भांडण झाल्यावर स्वतः गेला का, एकटं असताना प्रार्थना करून राहिलं का. दिसलं तर मनात देवाचे आभार माना, अन् नुसतं एवढं म्हणा की तू हे केलंस ते मला फार आवडलं. बघा विश्वासाचं फळ आलं असं म्हणून टाळ्या वाजवू नका, मग पोरगं फळ दाखवायला शिकतं.

बाप्तिस्म्याबद्दल आपल्याकडं घराघरात वाद आहेत, बायको एका मंडळीतली, नवरा दुसऱ्या. कॅथलिक घरात बाळाचा बाप्तिस्मा, मग पहिलं कम्युनियन, पुढं दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करायचा विधी, पेंटेकॉस्टल मंडळ्यांत स्वतः कबुली दिल्याशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाल्यांनी आठवावं की २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात कबुलीनंतरच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट पण होते, अन् म्हणून बाळाचा आणि कबुलीनंतरचा दोन्ही पद्धतींना तिथं जागा ठेवली. एवढ्या मोठ्या लोकांनी एकत्र राहायची वाट काढली, तर सासूसुनेनं यावरून अबोला धरायचं कारण नाही. कोणतीही पद्धत असो, एक सांभाळा, बाळपणी झाला असेल तर पोराला सांगत राहा की ते वचन तुझ्यासाठी होतं, ते आता तू स्वतः धर, अन् नंतर व्हायचा असेल तर त्याच्या मित्रांचा झाला म्हणून त्याला ढकलू नका.

इथं माझी चूक येते. थोरला सोळाचा झाला, चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग सुरू झाला, तो म्हणाला मम्मी मला या वर्षी नको, मला अजून काही गोष्टी पटत नाहीत. मी काय करायला पाहिजे होतं, विचारायला पाहिजे होतं काय पटत नाही. मी काय केलं, म्हटलं सगळ्यांची पोरं बसून राहिली, तू नाही बसला तर लोक काय म्हणतील, तुझी आई संडे स्कूलची टीचर. शिकवणाऱ्यांनी पण विचारलं नाही, नावं लिहून घेतली. तो बसला, सगळी उत्तरं पाठ केली, पांढरा शर्ट घालून समोर उभा राहिला, मी फोटो काढले. दोन वर्षांनी पुण्याला शिकायला गेला अन् तिथून मला फोनवर म्हणाला, मी देवासमोर जे बोललो ते मनातून नव्हतं, तू मला खोटं बोलायला लावलंस. ते वाक्य अजून माझ्या छातीत आहे. इफिसकरांच्या पत्रात बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका, मी ते वचन दुसऱ्यांना शिकवत होते.

म्हणून पोरगं मला पटत नाही म्हणालं तर आधी खुर्ची ओढून बसा. दुःख का आहे, बाकीचे धर्म खोटे कसे, माझा मित्र एवढा चांगला आहे तो नरकात जाईल का, हे प्रश्न विचारणारं पोरगं अजून घरात आहे, अजून तुमच्याशी बोलून राहिलंय. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, दोघं मिळून वाचू म्हणा. लगेच पाळकसाहेबांना फोन करून पोराला समजवा म्हणू नका, त्याला वाटतं आपली तक्रार झाली. घरचा नसलेला पण विश्वासातला एखादा दादा, काका असेल तर त्याच्यासोबत सहज ऊठबस होऊ द्या, पोरं आईबापाला न विचारलेलं तिथं विचारतात. दिवसभर शाळेत-कॉलेजात आपलं पोरगं वर्गात एकटं ख्रिस्ती असतं, नाताळला केक कधी आणशील एवढीच त्याची ओळख, त्यातून तो विचार करून राहिलाय हे थोडं नाही.

अन् जे गेले, चर्च सोडलं, किंवा बाहेर लग्न केलं, किंवा नुसतं रविवारी झोपून राहतात, त्यांच्या आईबापांसाठी. स्वतःला किती मारायचं याला मर्यादा ठेवा. नीतिसूत्रे २२:६, मुलाला योग्य वळण लाव म्हणजे म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, हे वचन लोक तुमच्या तोंडावर फेकतील, की तुम्ही नीट शिकवलं असतं तर असं झालं नसतं. ते नीतिसूत्र आहे, करारावरची सही नाही. ज्या शमुवेलाला देवानं नावानं हाक मारली त्याचीच पोरं पुढं त्याच्या मार्गानं चालली नाहीत, १ शमुवेल ८ वाचा. जिथं चुकलात तिथं पोराजवळ कबूल करा, बाकीचं देवाजवळ ठेवा. पैसे बंद करणं, घरात येऊ नको म्हणणं, आईचं बीपी वाढलं तुझ्यामुळं असं सांगणं, यानं कोणी येशूजवळ आलेलं मी १७ वर्षांत बघितलं नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायात घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट आहे, त्यातला बाप पोराला दूर असताना बघतो, म्हणजे त्याची नजर रस्त्यावर होती, पण तो त्याच्या मागं त्या दूर देशात जाऊन बसला नाही. अन् दुसरं म्हणजे घरी राहिलेल्या मोठ्याला पण त्याला बाहेर येऊन समजवावं लागलं, आपण नेहमी गेलेल्याचीच काळजी करतो, बाजूच्या खोलीत आज्ञाधारक बसलेल्याच्या मनात काय आहे ते विचारत नाही.

थोरल्याची मी माफी मागितली, फोनवर नाही, पुण्याला जाऊन, त्याच्या रूमवर बसून. तो फार बोलला नाही. मागच्या नाताळला घरी आला, उपासनेला आला नाही, मी म्हटलं पण नाही. रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो तेव्हा तो आतल्या खोलीत होता, हे वाचत होते, मधेच मोबाइलचा आवाज बंद झाला. दार उघडंच होतं. मी उठून बघायला गेले नाही.